पिसाच्या मठातून चष्म्याच्या दुकानापर्यंत

मराठी भाषेने माणसाच्या एका वयाला आणि त्या वयात नाकावर येऊन बसणाऱ्या वस्तूला एकच नाव दिले आहे. ‘त्यांना चाळिशी लागली’ असे म्हटले की ऐकणाऱ्याला वयही कळते आणि चष्माही कळतो. ‘चष्मा’ हा शब्द फारसीतील ‘चश्म’ म्हणजे डोळा यावरून आला. संस्कृतात त्याला ‘उपनेत्र’ म्हणतात. चाळिशी हा शब्द मात्र आपल्या घरातला आहे, आणि त्यात निसर्गाचा एक नियम सामावलेला आहे. डोळ्यातील नैसर्गिक भिंग वयाबरोबर ताठर होत जाते, जवळची वस्तू पाहताना त्याला पूर्वीसारखे फुगता येत नाही आणि पंचेचाळिशीच्या आतबाहेर बहुतेकांना प्रार्थनापुस्तक हातभर लांब धरावे लागते. हा रोग नव्हे. जो कोणी पुरेसा जगतो त्याच्या वाट्याला हे येतेच.

तरीही आपल्या धर्मग्रामांत या साध्या गोष्टीभोवती केवढा संकोच आढळतो! मिस्सेमध्ये वर्षानुवर्षे वाचन करणारे एखादे गृहस्थ पन्नाशीच्या सुमारास ती सेवा सोडून देतात. कारण विचारले तर ‘आता तरुणांनी पुढे यावे’ असे उत्तर मिळते. एखादी माउली सुईत दोरा ओवायला नातवाला हाक मारते आणि पुढे काही महिन्यांत शिवणच बाजूला ठेवते. मुलीला चष्मा लागला की आईला तिच्या लग्नाची चिंता पडते. डोळ्यांनी साथ सोडली असे समजून माणसे हळूहळू वाचनातून, कामातून आणि चारचौघांतून अंग काढून घेतात, आणि घरचे लोक त्याला ‘वय झाले’ असे म्हणून मोकळे होतात.

यातील पुष्कळसे नुकसान टाळता येण्याजोगे आहे, हे चष्म्याचा इतिहास पाहिला म्हणजे पटते. सुमारे सातशे वर्षांच्या या इतिहासात चष्मा सामान्य माणसापर्यंत पोहोचला तो मुख्यतः तीन गोष्टींमुळे. कुणीतरी आपली विद्या लपवून न ठेवता उघड केली. कुणीतरी विक्रेत्यावर मालाविषयी खरे बोलण्याचे बंधन घातले. आणि कुणीतरी अंदाज टाकून देऊन डोळ्याचे माप घेतले. आजही चष्म्याच्या दुकानाची पायरी चढताना याच तीन गोष्टींचा शोध घ्यावयाचा असतो. म्हणून हा इतिहास थोडा विस्ताराने सांगावासा वाटतो.

अक्षरांवर ठेवलेली काच

चष्म्यापूर्वीच्या जगात विद्वानाचे आयुष्य जणू मधूनच तुटत असे. हस्तलिखितांची नक्कल करणारा मठवासी ज्या वयात आपल्या कामात पारंगत होई, नेमक्या त्याच वयात त्याला बारीक अक्षर दिसेनासे होई. मग तरुण शिष्याने वाचावे आणि वृद्ध गुरूने ऐकावे, एवढाच मार्ग उरे.

काचेच्या गुणाचा शास्त्रशुद्ध विचार अरब पंडितांनी आधी केला. इब्न अल्-हैथम या अकराव्या शतकातील पंडिताचा प्रकाशशास्त्रावरील ग्रंथ पुढे लॅटिनमध्ये आला आणि युरोपातील विद्यापीठांत अभ्यासला जाऊ लागला. त्याच परंपरेत इंग्लंडमधील फ्रान्सिस्कन संन्यासी रॉजर बेकन यांनी इ. स. १२६७ च्या सुमारास पोप चौथे क्लेमेंट यांच्यासाठी लिहिलेल्या आपल्या मोठ्या ग्रंथात एक निरीक्षण नोंदविले. गोलाचा छेद घ्यावा तसा फुगीर काचेचा तुकडा अक्षरांवर ठेवला तर अक्षरे मोठी व स्पष्ट दिसतात, आणि वृद्धांना व अधू दृष्टीच्या माणसांना तो उपयोगी पडतो, असा त्याचा आशय आहे. परंतु ही काच पानावर ठेवायची होती. ती उचलून डोळ्यासमोर धरण्याची, आणि एक नव्हे तर दोन काचा एकत्र जोडण्याची कल्पना इटलीत आणखी सुमारे वीस वर्षांनी निघाली.

नाव नसलेला शोधक

चष्म्याच्या शोधाविषयीची सर्वांत विश्वसनीय साक्ष एका प्रवचनात सापडते. २३ फेब्रुवारी १३०६ रोजी फ्लॉरेन्स येथील सांता मारिया नॉव्हेल्ला या चर्चमध्ये डॉमिनिकन धर्मगुरू जॉर्दानो दा रिव्हाल्तो यांनी प्रवचन केले. माणसाच्या कलाकौशल्याला अंत नाही आणि नव्या कला अजूनही सापडत आहेत, हे सांगताना त्यांनी चष्म्याचा दाखला दिला. ही कला सापडून अजून वीस वर्षेही झालेली नाहीत आणि ज्याने ती प्रथम शोधली त्याला आपण स्वतः पाहिले आहे, त्याच्याशी बोललो आहोत, असे त्यांनी श्रोत्यांना सांगितले. या साक्षीवरून चष्म्याचा जन्म इ. स. १२८६ च्या आसपास धरला जातो. मात्र त्या शोधकाचे नाव त्यांनी सांगितले नाही.

दुसरी साक्ष पिसा येथील सांता कातेरिना या डॉमिनिकन मठाच्या बखरीत आहे. त्या मठात आलेस्सांद्रो देल्ला स्पिना नावाचे एक ब्रदर होते. १३१३ मध्ये ते निवर्तले. कुणाचीही कारागिरी एकदा पाहिली की ती हुबेहूब करून दाखविण्याचे कसब त्यांच्या हातात होते. चष्मा प्रथम दुसऱ्याच कुणी तरी बनविला होता, पण त्या माणसाला आपली युक्ती इतरांना सांगावयाची नव्हती. स्पिना यांनी तो चष्मा पाहिला, स्वतः तसाच बनविला आणि आनंदी व उदार मनाने ती विद्या सर्वांना देऊन टाकली, असे बखरकार नोंदवितो.

पुढे लोकांना एखादे नाव हवेच होते. १६८४ मध्ये फ्लॉरेन्सच्या एका लेखकाने साल्व्हिनो देल्यी आर्माती नावाच्या गृहस्थाला चष्म्याचा शोधक ठरविले आणि त्याच्या थडग्यावरील लेखाचा हवाला दिला. दोनशेहून अधिक वर्षे हे नाव पुस्तकांतून फिरत राहिले. फ्लॉरेन्समध्ये त्याचे स्मारकही उभे राहिले. १९२० मध्ये इसिदोरो देल लुंगो या अभ्यासकाने जुनी कागदपत्रे तपासून ही सारी कथा बनावट असल्याचे दाखवून दिले. खरा शोधक अनामिकच राहिला. त्याने आपली युक्ती झाकून ठेवली आणि त्याचे नावही काळाने झाकून टाकले. ज्याने ती वाटली त्या स्पिनांचे नाव मात्र त्यांच्या मठाने जपले.

चष्मा आणि विद्या यांचा संबंध लोकांच्या मनात किती लवकर जुळला हे चित्रांवरून समजते. व्हेनिसजवळच्या त्रेव्हीझो गावी डॉमिनिकन मठाच्या सभागृहात तोमाझो दा मोदेना या चित्रकाराने १३५२ मध्ये संघातील थोर पुरुषांची भित्तिचित्रे काढली. त्यांत कार्डिनल ह्यूग ऑफ सें-शेर नाकावर चष्मा ठेवून लिहीत बसलेले दिसतात. चष्म्याचे हे सर्वांत जुने ज्ञात चित्र होय. वास्तविक हे कार्डिनल १२६३ मध्ये, म्हणजे चष्मा निघण्याच्या वीसेक वर्षे आधीच दिवंगत झाले होते! त्याहून गमतीची गोष्ट म्हणजे १४८० मध्ये गिर्लांदायो या चित्रकाराने फ्लॉरेन्समध्ये संत जेरोम यांना अभ्यासिकेत बसलेले दाखविले, तेव्हा इ. स. ४२० मध्ये निधन पावलेल्या या संताच्या मेजाला त्याने चष्मा टांगून ठेवला. चित्रकारांच्या दृष्टीने चष्मा हे व्यंग नव्हते. ते व्यासंगाचे चिन्ह होते. मुलीच्या चष्म्याची लाज वाटणाऱ्या आईबापांनी हे ध्यानात घ्यावे.

काच म्हणजे काच

चष्म्याच्या व्यापारातील पहिला प्रश्न प्रामाणिकपणाचा होता, आणि तो व्हेनिस शहरात उभा राहिला. तेथे स्फटिक घासणाऱ्या कारागिरांचा संघ होता. खऱ्या स्फटिकाला मोठी किंमत येई. साधी काच त्यामानाने स्वस्त होती. काच दाखवून स्फटिकाचे पैसे घेण्याचा मोह कोणत्याही काळातील दुकानदाराला होणारच. इ. स. १३०० मध्ये या संघाच्या नियमांत काच ही स्फटिक म्हणून विकण्यास मनाई करण्यात आली, आणि त्या नियमात वाचनाची भिंगे व डोळ्यांसाठीच्या गोल चकत्या यांचा उल्लेख आहे. दुसऱ्याच वर्षी, १३०१ मध्ये, आणखी एक पाऊल पुढे टाकले गेले. ज्याला वाचनासाठी काचेचे चष्मे बनवावयाचे असतील त्याने ते खुशाल बनवावेत. मात्र काच ही काच म्हणूनच विकीन अशी शपथ त्याने घ्यावी, असे ठरले.

या नियमात मोठे शहाणपण आहे. स्वस्त वस्तू विकण्यास बंदी घातली नाही; स्वस्त वस्तू महाग म्हणून विकण्यास बंदी घातली. त्यामुळे गरिबाला काचेचा चष्मा मिळाला आणि श्रीमंताची फसवणूक टळली. आजच्या दुकानात स्फटिकाची जागा निरनिराळ्या लेपांनी आणि लांबलचक नावांच्या काचांनी घेतली आहे. ओरखडे पडू नयेत म्हणून दिलेला थर, चकाकी कमी करणारा थर, जड नंबरासाठी पातळ काच, यांपैकी प्रत्येकाचा काही उपयोग आहे. पण प्रत्येक डोळ्याला प्रत्येक वस्तूची गरज नसते. ‘हे मला कशासाठी हवे?’ असे विचारणाऱ्या गिऱ्हाइकाला जो दुकानदार शांतपणे उत्तर देतो, तो त्या व्हेनिसच्या शपथेलाच जागत असतो.

वयावरून चष्मा

पंधराव्या शतकात फ्लॉरेन्स हे चष्म्यांचे मोठे केंद्र बनले. मिलानचा ड्यूक फ्रान्चेस्को स्फोर्झा याने १४६२ मध्ये आपल्या फ्लॉरेन्समधील वकिलाला पत्र लिहून तीन डझन चष्मे मागविले. त्यांत एक डझन लांबचे पाहण्यासाठी, म्हणजे तरुणांकरिता. एक डझन जवळचे पाहण्यासाठी, म्हणजे वृद्धांकरिता. आणि एक डझन सर्वसाधारण दृष्टीकरिता होते. दरबारी मंडळी ते मागत आहेत, असे कारण त्याने दिले. त्याच्या मुलाने चार वर्षांनी सुमारे दोनशे चष्म्यांची मागणी नोंदविली. त्यांतील जवळच्या नजरेचे चष्मे वयाच्या तीस वर्षांपासून सत्तरीपर्यंत पाच-पाच वर्षांच्या टप्प्यांनी हवे होते. म्हणजे चष्मा डोळ्यावरून नव्हे तर वयावरून मागविला जात होता. आपल्या ‘चाळिशी’ या शब्दामागेही हाच जुना हिशेब आहे.

याच शतकात १४५५ च्या सुमारास गुटेनबर्ग यांचे छापील बायबल निघाले. पुस्तके वाढली तसे वाचक वाढले आणि चष्मेही वाढले. गावोगाव फिरणारे फेरीवाले तबकात चष्मे मांडून विकू लागले. गिऱ्हाइकाने एकामागून एक चष्मा नाकावर ठेवून पाहावा आणि जो बरा वाटेल तो घ्यावा, हीच निवडीची रीत होती. बहुतेक वैद्यांना हा विषय आपला वाटत नसे. सॅक्सनीचे प्रसिद्ध नेत्रवैद्य गेऑर्ग बार्टिश यांनी तर १५८३ च्या आपल्या ग्रंथात चष्मे न वापरण्याचाच सल्ला दिला. डोळ्यापुढे काही नसताना जे दिसते ते काही असताना अधिक चांगले कसे दिसेल, असा त्यांचा तर्क होता. वैद्य दूर राहिले आणि फेरीवाले जवळ आले, अशी ही स्थिती पुढे फार काळ टिकली.

समुद्रापलीकडे

चष्मा पूर्वेकडे आला त्या कथेत आपल्या भूमीचाही वाटा आहे. विजयनगरच्या कृष्णदेवरायांच्या काळातील थोर आचार्य व्यासतीर्थ यांचे संस्कृत चरित्र सोमनाथ कवीने लिहिले. त्यात आचार्य उपलोचनाच्या साहाय्याने ग्रंथ वाचीत असल्याचे वर्णन येते. हा प्रसंग १५२० च्या सुमाराचा मानतात. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरातील संशोधक परशुराम कृष्ण गोडे यांनी विसाव्या शतकात हा उल्लेख अभ्यासकांपुढे आणला आणि भारतातील चष्म्याच्या इतिहासाचा माग घेतला. पोर्तुगीजांनी गोवा १५१० मध्ये घेतला होता आणि विजयनगरशी त्यांचे जाणेयेणे होते. तेव्हा ही वस्तू त्या वाटेने आली असावी हा तर्क सहज सुचतो. ताडपत्रावरील अक्षरे वाचणारे वैष्णव आचार्य आणि चर्मपत्रावर लिहिणारा डॉमिनिकन मठवासी यांची अडचण एकच होती, आणि तिच्यावरचा उपायही एकच ठरला.

जपानमध्ये चष्मा नेण्याचा मान परंपरेने संत फ्रान्सिस झेवियर यांना दिला जातो. १५५१ मध्ये यामागुची येथील सत्ताधीश ओउची योशिताका याची भेट घेताना त्यांनी भारताच्या पोर्तुगीज गव्हर्नरांची व गोव्याच्या महागुरुस्वामींची पत्रे सादर केली. सोबतच्या नजराण्यात घड्याळ, वाद्य आणि चष्माही होता असे सांगतात. पुढे येशूसंघाचे फादर फ्रान्सिस्को काब्राल हे जपानमधील मिशनचे प्रमुख झाले. त्यांची लांबची नजर अधू होती आणि ते चष्मा लावीत. त्यांचे सहकारी फादर लुईस फ्रोईश यांनी गमतीने लिहून ठेवले आहे की, गिफू येथे या परदेशी पाहुण्यांना चार डोळे असतात, दोन नेहमीच्या जागी आणि दोन जरा पुढे, अशी बातमी पसरली आणि त्यांना पाहण्यासाठी लोकांची मोठी गर्दी लोटली. हेच काब्राल पुढे भारतातील येशूसंघाचे प्रांताधिपती झाले.

अंदाजाकडून मापाकडे

चष्मा वापरात आल्यावर तो काम कसा करतो हे समजायला तीनशे वर्षे लागली. १६०४ मध्ये खगोलशास्त्रज्ञ योहानेस केपलर यांनी दाखवून दिले की, वस्तूची प्रतिमा डोळ्याच्या मागील पडद्यावर उमटते. प्रतिमा नेमकी पडद्यावर न पडता मागे किंवा पुढे पडू पाहते तेव्हा अस्पष्ट दिसते, आणि फुगीर अथवा खोलगट काच तिला जागेवर आणते.

१६२३ मध्ये स्पेनमधील सेव्हिल शहरात बेनितो दासा दे वाल्देस यांनी चष्म्याच्या उपयोगावर एक पुस्तक स्पॅनिशमध्ये प्रसिद्ध केले. ते वैद्य नव्हते. धर्मन्यायालयात लेखनिक होते. पुस्तकाचा एक भाग संवादरूप आहे: नेत्रतज्ज्ञ, चष्मे बनविणारा आणि आपापल्या तक्रारी घेऊन आलेली माणसे त्यात बोलतात. काचांची शक्ती अंशांत मोजावी आणि मोहरीचे दाणे एका रांगेत मांडून ते मोजता येतात का यावरून दृष्टी तपासावी, असे मार्ग त्यांनी सांगितले. त्यांच्या कोष्टकांत वय होतेच, परंतु त्यांनी माणसाला समोर बसवून विचारले ही नवी गोष्ट होती.

लंडनमध्ये १६२९ मध्ये चष्मे बनविणाऱ्यांच्या संघाला राजाची सनद मिळाली. अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात त्याच शहरातील एडवर्ड स्कार्लेट या दुकानदाराने दोन सुधारणा रूढ केल्या. तोपर्यंत चष्मा नाकावर चिमटून किंवा हाताने धरून ठेवावा लागे. स्कार्लेटच्या जाहिरातपत्रकावर काड्या असलेला चष्मा दिसतो. दुसरी सुधारणा अधिक मोलाची होती: काचेचे माप तो फ्रेमवर कोरून देई. त्यामुळे चष्मा हरवला तरी गिऱ्हाइकाला आपले माप ठाऊक असे आणि दुसऱ्या दुकानात जाता येई. बेंजामिन फ्रँकलिन यांनी दुहेरी काचेचा चष्मा करवून घेतला. फ्रान्समध्ये जेवणाच्या मेजावर आता ताटातले अन्नही दिसते आणि समोर बोलणाऱ्याचा चेहराही दिसतो. चेहरा दिसल्यामुळे फ्रेंच भाषा अधिक समजते, असे त्यांनी १७८५ मध्ये मित्राला कळविले.

यानंतरचा एक प्रसंग लहान दुकानदारांच्या बाजूने सांगण्याजोगा आहे. केंब्रिजचे तरुण गणिती जॉर्ज एअरी यांना डाव्या डोळ्याने बिंदू ताणलेला दिसे आणि कोणत्याही साध्या काचेने तो सुधारेना. डोळ्याचा पृष्ठभाग सर्व बाजूंनी सारखा गोल नसेल तर असे होते. यालाच आपण ‘तिरकस नंबर’ किंवा ‘सिलिंडर’ म्हणतो. एअरी यांनी १८२५ च्या सुमारास गणित मांडून हव्या त्या काचेचे वर्णन तयार केले. ती काच घासून दिली इप्सविच या गावातील फुलर नावाच्या चष्मेवाल्याने. एअरी पुढे इंग्लंडचे राजज्योतिषी झाले. परंतु गावच्या कारागिराने ‘असली काच होत नाही’ असे म्हणून त्यांना परत पाठविले असते तर त्यांचे गणित कागदावरच राहिले असते.

शास्त्र आणि दुकान यांची पक्की गाठ नेदरलँड्समधील उट्रेख्ट शहरात बांधली गेली. हेर्मान स्नेलेन यांनी १८६२ मध्ये लहान होत जाणाऱ्या अक्षरांचा तक्ता प्रसिद्ध केला. आज प्रत्येक दुकानाच्या भिंतीवर त्याचीच भावंडे लटकतात. फ्रान्सिस्कुस डॉन्डर्स यांनी १८६४ च्या ग्रंथात वयाने येणारी चाळिशी आणि डोळ्याच्या आकारामुळे येणारे दृष्टिदोष यांतील भेद स्पष्ट केला. १८७२ मध्ये फर्दिनां मोनुआये यांनी काचेच्या शक्तीसाठी ‘डायॉप्टर’ हे एकक सुचविले. आपण ज्याला ‘नंबर’ म्हणतो तो हाच. अधिक दोन म्हणजे किती हे मुंबईतही तेच, लिस्बनमध्येही तेच. स्फोर्झांच्या काळापासून वयाच्या टप्प्यांवर चाललेला व्यवहार अखेर प्रत्येक डोळ्याच्या मापावर आला.

आपल्या गल्लीतील दुकान

इतके सारे झाल्यावर आज कुणी अक्षर दिसत नाही म्हणून वाचन सोडावे काय? जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये दृष्टीविषयी जो अहवाल काढला त्यात असे म्हटले आहे की, जगात किमान २२० कोटी लोकांची जवळची किंवा लांबची दृष्टी अधू आहे. त्यांपैकी किमान १०० कोटी लोकांचा दृष्टिदोष टाळता आला असता किंवा त्यावर अद्याप उपाय झालेला नाही. या १०० कोटींत ८० कोटींहून अधिक माणसे केवळ चाळिशीचा चष्मा नसलेली आहेत. चष्मा फक्त वाचणाऱ्यांसाठी असतो हा समजही खोटा आहे. आसाममधील चहाच्या मळ्यांत चाळिशी उलटलेल्या ७५१ मजुरांची पाहणी करण्यात आली. तिचे निष्कर्ष २०१८ मध्ये प्रसिद्ध झाले. ज्यांना जवळचा चष्मा दिला त्यांची पाने खुडण्याची क्षमता, चष्मा न मिळालेल्यांच्या तुलनेत, सुमारे २२ टक्क्यांनी अधिक वाढली. आपल्याकडे भाजीच्या जुड्या बांधणाऱ्या, फुले ओवणाऱ्या, जाळी विणणाऱ्या हातांना हे वेगळे समजावून सांगण्याची आवश्यकता नाही.

म्हणून चष्म्याचे दुकान निवडताना काय पाहावे? पहिली गोष्ट, तेथे बसवून माप घेतात काय? यंत्रात डोकावले की कागदावर नंबर छापून येतो, पण ती तपासणीची सुरुवात असते. त्यानंतर चाचणीची फ्रेम चढवून ‘हे स्पष्ट की ते स्पष्ट?’ असे धीराने विचारणारा माणूस पाहिजे. सेव्हिलच्या त्या संवादाचेच ते आजचे रूप आहे. दोन्ही डोळे वेगवेगळे तपासले जावेत, आपले काम कोणते आणि ते किती अंतरावरून करतो हे विचारले जावे, दोन बाहुल्यांमधील अंतर मोजले जावे. काचेचा मध्य बाहुलीसमोर आला नाही तर महाग फ्रेमही डोके दुखवते. रस्त्यावरचा तयार चष्मा दोन्ही डोळ्यांना एकच नंबर देतो. ज्यांचे दोन्ही डोळे सारखे आहेत आणि तिरकस नंबर नाही त्यांची तात्पुरती सोय तो करील, पण तो फेरीवाल्याच्या तबकातलाच चष्मा आहे, हे विसरू नये. शेजाऱ्याचा किंवा दिवंगत वडिलांचा चष्मा लावून दिवस काढणे तर त्याहून मागे जाणे होय.

दुसरी गोष्ट, मालाविषयी खरे सांगतात काय? आणि तिसरी, नंबर लेखी देतात काय? तो कागद आपला असतो. तो आनंदाने हातावर ठेवणारा दुकानदार स्पिनांच्या वंशातला समजावा. ओळखीच्या लहान दुकानाचा आणखी एक लाभ असा की, काडी सैल झाली, नाकावर वळ उठला किंवा नवा चष्मा सवयीचा होईना, तर पुन्हा जाता येते आणि तोच माणूस भेटतो.

मात्र चांगल्या चष्मेवाल्याची एक ओळख अशीही आहे की त्याला आपली सीमा ठाऊक असते. नंबर बरोबर निघाला म्हणजे डोळा निरोगी आहे असे नव्हे. काचबिंदू पुष्कळदा काही न दुखता दृष्टीच्या कडा खात येतो. मधुमेहाने पडद्यावर होणारा परिणाम रुग्णाला उशिरा कळतो. म्हणून चाळिशीनंतर अधूनमधून आणि मधुमेह असल्यास दरवर्षी डोळ्यांच्या डॉक्टरांकडून तपासणी करून घ्यावी. मुलांच्या बाबतीत तर अधिक जागरूकता हवी, कारण फळा इतरांना स्पष्ट दिसतो हे अधू नजरेच्या मुलाला ठाऊकच नसते. तो ‘ढ’ ठरतो आणि गप्प बसतो. चीनमधील ग्वांगजो येथील शाळांत मुलांना रोज ४० मिनिटे अधिक वेळ मोकळ्यावर नेले, तेव्हा तीन वर्षांत लांबचा नंबर लागलेल्या मुलांचे प्रमाण जवळजवळ ४० टक्क्यांऐवजी ३० टक्क्यांवर राहिले, असे २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात आढळले. मुलांना अंगणात सोडण्यास यापेक्षा निराळे कारण कशाला हवे?

फ्लॉरेन्सच्या प्रवचनकाराने चष्म्याला जगातील अत्यंत उपयुक्त कलांपैकी एक मानले, तेव्हा ती कला मूठभर माणसांच्या हाती होती. आज ती आपल्या स्थानकाजवळच्या आणि बाजारातल्या दुकानात उपलब्ध आहे. ती उपलब्ध असताना एखाद्याने केवळ संकोचाने किंवा दोन पैशांच्या अडचणीने पुस्तक मिटून ठेवावे, हे आपल्या समाजाला शोभणारे नाही. संकोच असेल तर घरच्यांनी तो दूर करावा. पैशाची अडचण असेल तर धर्मग्रामातील संघटनांनी ती गाजावाजा न करता सोडवावी. आपल्या ओळखीत ज्या कुणी अलीकडे वाचन, शिवण किंवा हिशेबाची वही बाजूला ठेवली असेल, त्यांना या आठवड्यात भेटावे आणि एवढेच विचारावे: शेवटचे डोळे केव्हा तपासले होते? आणि उत्तर आठवेनासे झाले, तर त्यांच्यासोबत दुकानापर्यंत चालत जावे.